मनगटाचं पोस्टपेड

घड्याळाच्या दुकानात शिरलेल्या माणसाला पूर्वी दोनच प्रश्न पडायचे: पट्टा चामड्याचा घ्यावा की स्टीलचा, आणि आकडे रोमन हवेत की साधे. आता काउंटरपलीकडचा टी-शर्टमधला मुलगा किंमत सांगायच्या आधीच विचारतो, ‘‘सर, जीपीएस की सेल्युलर?’’ गिऱ्हाईक गडबडतं आणि बायकोकडे बघतं. बायको किमतीच्या चिठ्ठीकडे बघते.

अ‍ॅपल वॉच सिरीज १० भारतात २०२४ मध्ये आलं, तेव्हा जीपीएसवाल्याची किंमत ४६,९०० रुपयांपासून होती आणि सेल्युलरवाल्याची ५६,९०० रुपयांपासून. वेळ दोन्हींत तीच दिसते. मधले दहा हजार घड्याळाला स्वतःची रेंज असावी म्हणून मोजायचे, आणि रेंज नुसती असून भागत नाही, तिला प्लॅनही लागतो.

‘‘फोन घरी विसरलात तरी कॉल येणार, सर,’’ मुलगा सांगतो. या वाक्याला भलेभले विरघळतात. फोन घरी विसरणारा माणूस मात्र आता शोधूनही सापडत नाही. डबा विसरला तर ‘जाऊ दे, बाहेर काहीतरी खाऊ’ असं म्हणता येतं. लोकलचा पास विसरला तर टीसी भेटणार नाही या श्रद्धेवर दिवस काढता येतो. फोन विसरला तर तोच माणूस डोंबिवली स्टेशनाच्या जिन्यावरून उलटा फिरतो, रिक्षाला जाऊन-येऊनचे पैसे देतो आणि ऑफिसात लेटमार्क घेतो. अशा माणसाला फोन विसरण्याची सोय विकणं हे विक्रीकलेतलं मोठं काम आहे.

अ‍ॅपलपुरतं हे काम पहिल्यांदा झालं ते सप्टेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात. अ‍ॅपलने सिम असलेलं आपलं पहिलं घड्याळ, सिरीज ३, दाखवलं आणि मंचावरून थेट फोन लावला तो लेक टाहो या सरोवरात फळीवर उभं राहून वल्हं मारणाऱ्या एका बाईंना. बाई कंपनीच्याच. हातात वल्हं, मनगटावर घड्याळ, फोन जवळ नाही, आणि आवाज स्वच्छ. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ज्याच्या दिवसात फळी, वल्हं आणि सरोवर असं सगळं येतं, त्याला सेल्युलर घड्याळ हवंच. ज्याच्या दिवसात ८.१२ ची फास्ट लोकल येते, त्याच्यासाठी असं प्रात्यक्षिक अजून व्हायचं आहे.

पहिल्याच आठवड्यात गंमतही झाली. अमेरिकेतल्या परीक्षकांनी घड्याळ घालून फोन मागे ठेवला, तर काही ठिकाणी घड्याळ मोबाइल नेटवर्क सोडून आसपासच्या अनोळखी वायफायच्या मागे लागलं. कॅफेतलं वायफाय आधी लॉगिनचं पान उघडतं आणि त्यानंतरच आत घेतं. घड्याळ त्या दारातच अडकून बसलं, ना आत ना बाहेर. अ‍ॅपलने दोष मान्य केला आणि सॉफ्टवेअर सुधारून दिलं. त्या घड्याळाच्या बाजूच्या चावीवर एक लाल ठिपका होता. त्याचं काम काहीच नव्हतं. हे जास्त पैशांचं घड्याळ आहे, एवढं समोरच्याला कळावं म्हणून तो होता, असं आमचं मत.

चावीवरून आठवलं. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे ‘जनता’ नावाचं मॉडेल खरोखरच जनतेच्या मनगटावर बसलं. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागे. नंतर क्वार्ट्झ आलं, सेलवर वर्ष-दोन वर्षं निघू लागली, आणि चावी देण्याची कटकट गेली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. आता सिरीज १० ची बॅटरी १८ तास चालते, असं कंपनी सांगते. म्हणजे साठ वर्षांनी घड्याळ पुन्हा रोजच्या रोज हातातून काढणं आलं. फरक इतकाच, की ‘जनता’ला चावी द्यायला अर्धा मिनिट पुरायचा. शिवाय सिमवर बोलायला लागलं की ते १८ तासही भराभर वितळतात. सिरीज ३ वर थेट नेटवर्कवरून बोलायची मुदत कंपनीनेच एक तास दिली होती. माहेरी फोन लावणाऱ्या कोणाही बाईला विचारावं, एका तासात नमनही होत नाही.

भारतात सेल्युलरवालं सिरीज ३ मे २०१८ मध्ये आलं. देशात तेव्हा हे चालवायला दोनच कंपन्या तयार होत्या, एअरटेल आणि जिओ; आणि घड्याळं लोकांच्या हातात नीट बसायच्या आत दोघींची जुंपली. एअरटेलने या सेवेची यंत्रणा देशाबाहेर ठेवून परवान्याच्या अटी मोडल्या, अशी तक्रार जिओने दूरसंचार खात्याकडे केली. एअरटेलने ती साफ फेटाळली. घड्याळ घेणाऱ्याला वाटलं होतं, आपण मनगटावर पावलं मोजतोय. दिल्लीत त्याच मनगटावरून राष्ट्रीय सुरक्षेची चर्चा चालली होती. त्याच महिन्यात दूरसंचार खात्याने ई-सिमचे नियम काढले. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त १८ जोडण्या असू शकतात, त्यांतल्या ९ नेहमीच्या मोबाइलच्या आणि ९ यंत्रांनी यंत्रांशी बोलायच्या. एका माणसाला नऊ फोन कशाला लागतात, हे खात्याने सांगितलं नाही. आपल्याकडे एका माणसाचं लग्न ठरतं तेव्हा लागतात, हा अनुभव आहे.

आता मूळ विषय, म्हणजे प्लॅनची निवड. इथे गिऱ्हाईक पूर्ण तयारीनिशी उतरतं. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे वीस वर्षं उभं राहून त्याची बुद्धी तल्लख झालेली असते. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात, तरी एक दिवस उरतोच, हा हिशोब त्याला झोपेतही येतो. त्यावर आरडाओरडा झाल्यानंतर २०२२ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा की दर महिन्याच्या त्याच तारखेला त्याचं रिचार्ज होईल. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे ३९९ लिहिलं असेल तर बिल ४७० रुपये ८२ पैशांचं, हेही त्याला ठाऊक असतं. वही-पेन घेऊन तो घड्याळांच्या प्लॅनची तुलना करायला बसतो.

आणि कळतं, की तुलना करायला काही नाहीच.

ज्या कंपनीचं सिम आयफोनमध्ये आहे, त्याच कंपनीचा प्लॅन घड्याळाला घ्यावा लागतो. नंबरही फोनचाच राहतो. आतून घड्याळाचं ई-सिम वेगळं असतं, पण कॉल आला की दोघंही वाजतात. त्यातही अ‍ॅपल स्वतःच बजावून ठेवते की काही प्रीपेड, काही जुने आणि काही ऑफिसच्या नावावरचे प्लॅन घड्याळाला चालणार नाहीत. म्हणजे ज्यांच्याकडे फुकटचा कंपनी-नंबर आहे, नेमके तेच अडकायची शक्यता. थोडक्यात, घड्याळाचा प्लॅन निवडायचा म्हणजे फोनची कंपनी बदलायची. कंपनी बदलायची म्हणजे १९०० वर ‘पोर्ट’ असा एसएमएस टाकून कोड मिळवायचा, त्याआधी सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, मग नवं सिम, आणि त्यानंतर घड्याळाची जोडणी पहिल्यापासून. तीही फोनवरच्या ‘वॉच’ अ‍ॅपमधूनच करायची. रिचार्जवाल्याच्या दुकानात जाऊन ‘याच्यात टाकून दे रे’ म्हणता येत नाही. रिचार्जवाला यात कुठेच येत नसल्यामुळे मराठी माणसाला व्यवहार झाल्यासारखंच वाटत नाही.

ज्यांच्या फोनमध्ये दोन सिमं आहेत, त्यांचं दुःख निराळं. घड्याळात एकापेक्षा जास्त प्लॅन टाकता येतात, पण एका वेळी चालू एकच. पहाटे पर्वती चढायला निघताना बरोबर घराचा नंबर न्यावा की ऑफिसचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. ऑफिसचा नेला तर पर्वती वाया, घरचा नेला तर ‘येताना कोथिंबीर घेऊन या’ असा फोन ठरलेला.

पण प्लॅनची खरी मेख पुढे आहे, आणि ती दुकानातला मुलगा सांगत नाही, कारण ती त्यालाही कोणी सांगितलेली नसते. घड्याळ बॅटरी वाचवण्याच्या बाबतीत कोकणस्थांच्याही वरताण आहे. आयफोन जवळ असेल तर ते ब्लूटूथने त्याच्याच जिवावर जगतं. फोन लांब गेला तर ओळखीचं वायफाय शोधतं. दोन्ही नसेल तेव्हाच नाइलाजाने स्वतःचं सिम वापरतं. म्हणजे फोन खिशात असेपर्यंत घड्याळाचा प्लॅन झोपलेला असतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला बिल भरलं जातं, पण ज्या माणसाने फोन कधी खाली ठेवलाच नाही, त्याच्या घड्याळातलं सिम महिनाभर जागं होत नाही.

बरं, फोन खाली ठेवला, मन घट्ट केलं, नुसतं घड्याळ घालून बाहेर पडलं, तरी फोनची सुटका नाही. साधे एसएमएस आणि इतर अ‍ॅपच्या सूचना मनगटावर याव्यात म्हणून आयफोन चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. तो जवळ नसला तरी चालतो, पण कुठेतरी जागा हवा. घरातली सगळी माणसं परत येईपर्यंत आजी जशी दिवा लावून बसते, तसा तो घरी टेबलावर बसून राहतो. त्याची बॅटरी संपली की बँकेचा ओटीपी मनगटापर्यंत पोचत नाही. कॉल मात्र येतात. म्हणजे कर्ज विकणाऱ्यांचे फोन विनाअडथळा येतात आणि ओटीपी अडतो.

या सगळ्यात एक मोठा घोळ स्वस्त घड्याळांनी घातला आहे. दीड-दोन हजारांत ‘कॉलिंगवालं’ घड्याळ मिळतं आणि घेणाऱ्याला वाटतं यात सिम असेल. त्यात असतो तो ब्लूटूथचा स्पीकर आणि माइक. कॉल फोनवरच येतो, घड्याळ फक्त तोंड पुढे करतं. फोन दहा-पंधरा पावलांवर राहिला की ते गप्प. याचा सार्वजनिक परिणाम लोकलच्या डब्यात अनुभवता येतो. मनगट ओठांशी नेऊन कोणीतरी ‘‘हां, बोल, ऐकू येतंय’’ म्हणतो आणि पुढचा संवाद अख्ख्या डब्याला ऐकू येतो. घाटकोपर येईपर्यंत डब्याला त्याच्या मेहुण्याच्या फ्लॅटचा व्यवहार, बिल्डरचं नाव आणि काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण कळलेलं असतं. फोन त्याच्या खिशातच असतो. खिशात हात घालण्याचे कष्ट वाचावेत म्हणून त्याने मेहुण्याची अब्रू पणाला लावलेली असते.

सर्वांत करुण प्रकरण परदेशातून येतं. न्यू जर्सीतला मुलगा दिवाळीला कोथरूडला येतो आणि बाबांसाठी घड्याळ आणतो. पडलं तर ओळखणारं, हृदयाचे ठोके बघणारं, सिमवालं. त्याच्याकडे तिकडे हेच चालतं. २०१७ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्या घड्याळासाठी महिन्याला १० डॉलर घेत, पहिले तीन महिने मोफत. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये, हा गुणाकार बाबा मनात करतात आणि तोंडाने ‘‘कशाला उगाच खर्च’’ म्हणतात. मग पेटी उघडते. पहिला शोध लागतो की बाबांचा फोन अँड्रॉइड आहे आणि अ‍ॅपलचं घड्याळ अँड्रॉइडशी बोलतच नाही. (सॅमसंगनेही २०२१ पासून गॅलक्सी वॉचचं आयफोनशी बोलणं बंद करून फिटंफाट केली आहे.) मुलगा आपला जुना आयफोन बाबांना देतो. दुसरा शोध लागतो की घड्याळांची मॉडेलं प्रदेशाप्रमाणे वेगवेगळी असतात आणि तिकडे घेतलेल्या घड्याळाचे बँड इकडच्या नेटवर्कशी जुळतीलच याची खात्री नाही. तिसरा शोध सर्वांत शेवटी लागतो: बाबा घड्याळ घालतच नाहीत. रोज चार्जिंगला लावायचं म्हणून ते लावलेलं असतं आणि चार्जरवरच असतं.

फोनच नको असणाऱ्या घरांसाठी अ‍ॅपलने २०२० मध्ये फॅमिली सेटअप आणलं. मुलाचं किंवा आजोबांचं घड्याळ घरातल्या दुसऱ्या माणसाच्या आयफोनवरून सुरू करता येतं आणि त्या घड्याळाला स्वतःचा नंबर मिळतो. कल्पना उत्तम. पण त्या मार्गाने जोडलेल्या घड्याळावर ईसीजी चालत नाही. आजोबांसाठी घड्याळ घ्यायचं कारण बऱ्याचदा तेच असतं, तेव्हा हे आधी वाचलेलं बरं. शिवाय आपली मोबाइल कंपनी ही सोय देते का, तेही आधी विचारावं.

इतकी थट्टा केल्यावर विसापूरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्यावर मित्रांबरोबर गेलेला एक तरुण उतरताना चिखलात घसरला आणि शंभर फुटांहून जास्त खोल दरीत गेला. एका झाडाने अडवलं म्हणून वाचला, पण पाय मोडला. फोन मित्राच्या सॅकमध्ये, मित्र वर. मनगटावर सिमवालं अ‍ॅपल वॉच होतं आणि त्याला रेंज होती. त्याने घड्याळावरूनच घरच्यांना आणि मित्रांना फोन लावला. त्या एका कॉलपुढे वरचे सगळे हिशोब बिनकामाचे आहेत.

तरीही ‘रेंज होती’ हे दोन शब्द ट्रेकवाल्यांनी नीट ऐकावेत. अ‍ॅपलच्या घड्याळात २जी नाही. सह्याद्रीत कित्येक ठिकाणी ४जी सुटतं आणि साधा बटणांचा फोन २जीच्या एका काडीवर तग धरतो. तिथे पन्नास हजारांचं घड्याळ नुसतं घड्याळ उरतं. शिवाय सगळ्या कंपन्यांची रेंज सगळ्या घाटांत सारखी नसते. तेव्हा घड्याळाचा प्लॅन ठरवताना दुकानातला मुलगा काय सांगतो यापेक्षा तुमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये कोणाच्या फोनला राजमाचीच्या वाटेवर काडी दिसते, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

बाकीच्यांसाठी एक हिशोब. समजा घड्याळाचा प्लॅन महिना १०० रुपये आहे. तीन वर्षांचे ३,६००, त्यावर जीएसटी ६४८, आणि सेल्युलरचे वरचे १०,०००; बेरीज १४,२४८. आठवड्यातून दोनदा माणूस खरोखर फोन घरी ठेवून पळायला किंवा पोहायला गेला, तर तीन वर्षांत ३१२ वेळा. म्हणजे फोनशिवाय बाहेर पडण्याची किंमत दर खेपेला ४५ रुपये ६७ पैसे. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे, पहाटे दंडाला फोनचा पट्टा बांधून वैतागलेले, पाठीला पिशवी नको असलेले सायकलवाले, यांना हे पैसे परवडण्यासारखे आहेत आणि त्यांनी खुशाल घ्यावं. जो माणूस बाथरूममध्येही फोन नेतो, त्याने जीपीएसवालं घ्यावं आणि वाचलेल्या दहा हजारांत बायकोलाही एक घड्याळ घ्यावं.

ज्यांनी आधीच घेतलंय, त्यांनी एक काम विसरू नये. घड्याळ विकायचं असेल किंवा भाच्याला द्यायचं असेल, तर फोनवरून ते अनपेअर करताना ‘प्लॅन ठेवायचा की काढायचा’ असं विचारलं जातं. तिथे ‘काढा’ म्हटल्याने फक्त घड्याळातला प्लॅन जातो. बिल चालूच राहतं. ते थांबवायला मोबाइल कंपनीला वेगळं कळवावं लागतं.